फिझबझचा द्राविडी प्राणायाम

आज आपण दहा ओळींच्या एका प्रोग्रामबद्दल तासभर बोलणार आहोत. हे ऐकून ज्यांना हसू आलं, त्यांना आजचा विषय निम्मा कळलाच आहे.

आपल्याकडे 'द्राविडी प्राणायाम' असा शब्दप्रयोग आहे. नाक समोर आहे, हात समोर आहे, पण हात डोक्यामागून फिरवून नाक धरायचं. प्रोग्रामिंगच्या जगात हा प्रकार मुद्दाम, चेष्टा म्हणून करणारी मंडळी आहेत. अगदी साधं कोडं घ्यायचं आणि ते अशा थाटात सोडवायचं की जणू एखाद्या बँकेचा सगळा कारभार त्यावर चालणार आहे. आज आपण ही चेष्टा गंभीरपणे वाचणार आहोत. तिच्यात नेमकं काय हास्यास्पद आहे हे नीट सांगता आलं, तर स्वतःचं काम करताना कुठे थांबायचं हेही सांगता येतं.

कोडं काय आहे?

कोड्याचं नाव फिझबझ. मुळात हा इंग्रजी शाळांमधला भागाकार शिकवण्याचा खेळ. मुलं गोलात बसतात आणि एकेक आकडा म्हणत जातात. आकड्याला ३ ने भाग जात असेल तर आकड्याऐवजी 'फिझ' म्हणायचं, ५ ने जात असेल तर 'बझ', आणि दोन्हींनी जात असेल तर 'फिझबझ'. म्हणजे एक, दोन, फिझ, चार, बझ, फिझ, सात, आठ, फिझ, बझ, अकरा, फिझ, तेरा, चौदा, फिझबझ. पुढे हेच चक्र दर पंधरा आकड्यांनी फिरत राहतं.

२००७ मध्ये इम्रान घोरी यांनी सुचवलं की नोकरीच्या मुलाखतीत उमेदवाराला हेच लिहायला द्यावं: १ ते १०० पर्यंतचा फिझबझ छापणारा प्रोग्राम. जेफ अ‍ॅटवुड यांच्या लेखामुळे ही कल्पना जगभर पोचली. हेतू साधा होता. ज्याला लूप आणि अट लिहिता येते, त्याला हे काही मिनिटांत जमावं.

कोड्यात एकच खाच आहे. ३ ची अट आधी तपासली, तर १५ वर 'फिझ' छापून प्रोग्राम पुढे निघून जातो. म्हणून १५ ची अट आधी घ्यायची, मग ३ ची, मग ५ ची, आणि काहीच लागू नसेल तर आकडा. एक लूप, तीन अटी, आठ-दहा ओळी. संपलं.

गंभीर कंपनीचा फिझबझ

आता बघा गंमत. २०१० नंतरच्या दशकात गिटहबवर 'फिझबझ एंटरप्राइझ एडिशन' नावाचा एक प्रकल्प अवतरला. भाषा जावा. जावामध्ये प्रोग्रामच्या फाइली 'पॅकेज' नावाच्या कप्प्यांमध्ये ठेवतात. इथल्या कप्प्याचं नाव 'सिरियस कंपनी'पासून सुरू होतं आणि 'पॅकेज नेमिंग पॅकेज'वर, म्हणजे पॅकेजला नाव देण्यासाठीच्या पॅकेजवर, संपतं. हे नाव प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर असतं. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच.

आत शिरू. 'फिझ' हा शब्द परत देणं एवढंच काम करणारा एक क्लास आहे: फिझ स्ट्रिंग रिटर्नर. तो तयार करून देणारी एक फॅक्टरी आहे. तो शब्द छापणारा प्रिंटर वेगळा, आणि प्रिंटर तयार करणारी फॅक्टरी त्याहून वेगळी. 'बझ'साठी हीच वरात पुन्हा. नवी ओळ छापायलाही स्वतंत्र प्रिंटर. लूपचे तर तुकडेच केले आहेत: सुरुवात कुठून हे सांगणारा एक क्लास, कधी थांबायचं हे सांगणारा दुसरा, पुढचं पाऊल टाकणारा तिसरा.

सगळ्यात रंगतदार आहे तो भागाकार. दोन पूर्णांकांचा भागाकार जावामध्ये एका चिन्हाने होतो. इथे आधी भाजक शून्य आहे का हे तपासलं जातं. मग पूर्णांकाचं दशांश संख्येत रूपांतर करणारा क्लास येतो, मग भागाकार, मग दोन दशांश संख्यांमध्ये मोठी कोणती हे ठरवणारा क्लास, आणि शेवटी दशांशाचं पुन्हा पूर्णांकात रूपांतर करणारा क्लास. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!

आणि हे सगळं चालतं. १ ते १०० बिनचूक छापून मिळतं. ही चेष्टा वाचणाऱ्यांनीही साथ दिली. प्रकल्पात आणखी काय भर घालता येईल याच्या सूचना लोकांनी चेहऱ्यावरची रेष न हलवता केल्या.

हसू नेमकं कशाचं येतं?

कोणी आडमुठेपणाने लिहिलं आहे म्हणून आपण हसतो, असं पहिल्यांदा वाटतं. पण यातली प्रत्येक वीट वेगळी काढून बघितली तर ती चांगली वीट आहे. १९९४ मध्ये एरिक गॅमा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडिस या चौघांनी 'डिझाइन पॅटर्न्स' हे पुस्तक काढलं. त्यात वारंवार येणाऱ्या अडचणींवरचे २३ तोडगे नावानिशी दिले होते. फॅक्टरी हा त्यातला एक. वस्तू कुठल्या प्रकारची हवी हे वापरणाऱ्याला माहीत नसेल, तर ती घडवण्याचं काम एका जागी ठेवा, एवढंच तो सांगतो. स्ट्रॅटेजी हा दुसरा. एकच काम अनेक पद्धतींनी होत असेल आणि पद्धत चालू प्रोग्राममध्ये बदलायची असेल, तर प्रत्येक पद्धत वेगळी मांडा. कर आकारणीचे नियम राज्यागणिक वेगळे असतील, तर हा सल्ला सोन्यासारखा आहे.

मग जावाच का बदनाम झाली? त्याला कारण भाषेच्या घडणीत आहे. जावामध्ये सगळं काही क्लासच्या आत राहतं. एखादी कृती दुसऱ्याच्या हाती सोपवायची असेल, तर ती क्लासच्या पाकिटात घालून द्यावी लागे. मार्च २०१४ मध्ये जावा ८ आली आणि नुसती कृती सोपवण्यासाठी आटोपशीर लिखाण मिळालं. तोवर पाकिटांची सवय हाडीमासी खिळली होती. पीटर नॉर्व्हिग यांनी १९९६ मध्येच दाखवलं होतं की २३ पैकी १६ पॅटर्न लवचिक भाषांमध्ये एक तर सोपे होतात किंवा दिसेनासेच होतात. आणि नावांचं म्हणाल, तर स्प्रिंग या लोकप्रिय जावा फ्रेमवर्कमध्ये 'अ‍ॅब्स्ट्रॅक्ट सिंगलटन प्रॉक्सी फॅक्टरी बीन' नावाचा क्लास खरोखरच आहे. तो कोणी थट्टेने लिहिलेला नाही.

फ्रेड ब्रूक्स यांनी १९८६ मध्ये एक उपयोगी भेद केला. एक गुंतागुंत प्रश्नाच्या पोटातच असते, ती टाळता येत नाही. दुसरी गुंतागुंत आपल्या साधनांमधून आणि पद्धतींमधून येते, ती आपण आणलेली असते. खऱ्या कामात या दोन्ही इतक्या मिसळलेल्या असतात की कुठली कुठून आली हे कळत नाही. कोणी म्हणालं, 'एवढ्या फाइली कशाला?' तर उत्तर मिळतं, 'अहो, आमचा व्यवहारच गुंतागुंतीचा आहे.' खरंही असेल. फिझबझची गंमत ही की त्याच्या पोटात गुंतागुंत जवळजवळ शून्य आहे. त्यामुळे जे दिसतं ते सगळं बाहेरून आलेलं. पांढऱ्याशुभ्र कापडावर डाग उठून दिसावा, तसं.

यंत्राला शिकवलेला फिझबझ

दुसरं उदाहरण वेगळ्या जातीचं. २०१६ मध्ये जोएल ग्रस यांनी एका काल्पनिक मुलाखतीचा संवाद लिहिला. त्यात उमेदवाराला फिझबझ विचारतात, आणि तो गंभीरपणे टेन्सरफ्लो हे गूगलचं साधन उघडून न्यूरल नेटवर्क बांधायला घेतो. मुलाखत घेणारा हतबुद्ध होऊन बघत बसतो.

पद्धत मात्र शास्त्रशुद्ध होती. प्रत्येक संख्या दहा द्विमान अंकांत लिहायची. १०१ ते १०२३ या संख्यांवर नेटवर्कला शिकवायचं आणि १ ते १०० वर परीक्षा घ्यायची, म्हणजे उत्तरपत्रिका आधी दाखवली असा आरोप नको. उत्तरं चारच: आकडा, फिझ, बझ, फिझबझ. भरपूर शिकवणीनंतर निकाल आला आणि त्यातली काही उत्तरं चुकली. आणखी खोल नेटवर्क घ्यायला हवं होतं, अशी उमेदवाराची हळहळ!

इथे थोडं गणित करू, कारण चूक का होते हे समजण्यासारखं आहे. आपल्या दशमान पद्धतीत ५ ची कसोटी शेवटच्या अंकावर दिसते आणि ३ ची कसोटी अंकांच्या बेरजेत. द्विमान पद्धतीत शेवटचा अंक फक्त सम की विषम एवढंच सांगतो. ३ ने भाग जातो का हे बघायला उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा, असं आलटून पालटून जावं लागतं. ५ साठी अंकांना उजवीकडून १, २, उणे १, उणे २ अशी वजनं देऊन बेरीज करावी लागते. म्हणजे आपण प्रश्न अशा वेषात मांडला की त्यातली सोपी खूण पुसली गेली, आणि मग ती खूण यंत्राने पुन्हा शोधावी अशी अपेक्षा धरली.

आणखी एक हिशेब लक्षात ठेवा. १ ते १०० मध्ये ५३ संख्या जशाच्या तशा छापायच्या असतात. म्हणजे काहीही न शिकता दर वेळी 'आकडा' असं ठोकून देणारा प्रोग्रामही शंभरात ५३ गुण मिळवतो, अगदी निर्बुद्धपणे! तेव्हा कोणी 'आमची अचूकता नव्वद टक्के' असं सांगितलं, तर आधी निर्बुद्ध प्रोग्रामला किती मिळतात हे विचारावं.

एंटरप्राइझ आवृत्तीत उत्तर बरोबर येतं, फक्त वाट लांबची. इथे मात्र नियम अचूक माहीत असताना त्याच्या जागी अंदाज बसवला. हा फरक मोठा आहे. डोक्यामागून हात फिरवला तरी नाक सापडलं पाहिजे, नाही का?

सगळाच द्राविडी प्राणायाम टवाळीसाठी असतो असं नाही, हेही सांगायला हवं. टॉम स्टुअर्ट यांनी २०११ मध्ये रूबी भाषेत फक्त फंक्शन वापरून फिझबझ लिहिला. संख्या नाहीत, खरं-खोटं नाही, यादी नाही. तीन म्हणजे 'एखादी कृती तीनदा करणं'. अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात मांडलेल्या लॅम्डा कॅल्क्युलसचं ते प्रात्यक्षिक होतं. वाचणाऱ्याला वाचून काहीतरी नवं कळतं, म्हणून ती कसरत वाया जात नाही. कसरत कसरतीच्या जागी ठीक. कामावर तिचं बिल दुसऱ्याला भरावं लागतं.

थट्टा आणि खरं यांच्या सीमेवर

'हे सगळं विनोदापुरतं, प्रत्यक्षात कोण असं करतं?' असं मनात येईल. तर मार्च २०१६ ची गोष्ट. जावास्क्रिप्टच्या जगात तयार तुकडे एनपीएम नावाच्या सामायिक भांडारातून घ्यायची पद्धत आहे. तिथे 'लेफ्ट-पॅड' नावाचा ११ ओळींचा तुकडा होता. शब्दाच्या डावीकडे ठरावीक लांबी होईपर्यंत रिकाम्या जागा भरणं, एवढंच त्याचं काम. एका वादातून लेखकाने आपले सगळे तुकडे तिथून काढून घेतले, आणि जगभरच्या असंख्य प्रकल्पांची बांधणी कोलमडली. बेबेलसारखी मोठमोठी साधनं त्या अकरा ओळींवर, कुणाच्यातरी कुणाच्यातरी मार्फत, टेकून उभी होती. काही तासांतच भांडाराच्या चालकांना तो तुकडा परत आणावा लागला.

त्याच भांडारात 'इझ-ईव्हन' नावाचा तुकडा आहे. संख्या सम आहे का हे सांगतो. त्यासाठी तो 'इझ-ऑड' या दुसऱ्या तुकड्यावर अवलंबून आहे: विषम नसेल तर सम. आणि 'इझ-ऑड' अवलंबून आहे 'इझ-नंबर'वर. फिझबझच्या विडंबनात हे जसंच्या तसं घातलं असतं, तर कोणाला शंका आली नसती.

मग थर चढवायचे कधी?

आता कामाचा भाग. साधेपणाच्या नावाने जप केला की प्रश्न सुटत नाही. दहा ओळींत गच्च भरलेला, फक्त लिहिणाऱ्याला कळणारा प्रोग्रामही वाईटच. आपल्याला कसोटी हवी, आणि ती डेव्हिड पार्नस यांनी १९७२ मध्ये दिली आहे. प्रोग्रामचे भाग पाडताना कामाच्या पायऱ्यांवरून पाडू नका. कुठले निर्णय अवघड आहेत किंवा पुढे बदलण्याची शक्यता आहे याची यादी करा, आणि असा प्रत्येक निर्णय एकेका भागात झाकून ठेवा. थोडक्यात, थर चढवण्याआधी विचारायचं: काय बदलणार आहे?

हा प्रश्न फिझबझलाच विचारू. समजा मागणी आली की १०० ऐवजी २०० पर्यंत छापा. एक आकडा बदलला, झालं. आता समजा मागणी आली की ७ ने भाग गेला तर 'बँग' म्हणायचं. आपल्या तीन अटींच्या साध्या प्रोग्रामचं काय होतं? ३, ५, ७, आणि त्यांच्या जोड्या १५, २१, ३५, आणि तिघांचा गुणाकार १०५. तीनच्या सात अटी झाल्या, त्याही योग्य क्रमाने. चौथा शब्द आला तर पंधरा. आणि बघा, १०५ हा आकडा शंभराच्या पुढे आहे. ती अट लिहायची राहिली तर १०० पर्यंतच्या चाचणीत काहीच दिसणार नाही. वर्षभराने कोणीतरी मर्यादा २०० करेल आणि तेव्हा चूक बाहेर पडेल. तोवर मूळ लिहिणारा दुसऱ्या नोकरीत गेलेला असेल. रात्री जागून ती शोधणारा माणूस वेगळाच असेल.

तेव्हा इथे रचना बदलणं रास्त आहे. एक छोटा तक्ता करायचा: ३ समोर फिझ, ५ समोर बझ, ७ समोर बँग. प्रत्येक संख्येसाठी रिकामा शब्द घ्यायचा, तक्ता वरून खाली वाचायचा, भाग गेला की त्या ओळीतला शब्द जोडायचा. शेवटी शब्द रिकामाच राहिला तर आकडा छापायचा. १०५ वर 'फिझबझबँग' आपोआप येतं. नवा शब्द म्हणजे तक्त्यात नवी ओळ. ओळी तरीही दहाच्या आसपास. बदल कुठून आला हे दिसलं, आणि बरोबर तिथेच सांधा ठेवला.

आता हाच ७ एंटरप्राइझ आवृत्तीत घाला. नवी स्ट्रॅटेजी, तिची फॅक्टरी. नवा रिटर्नर, त्याची फॅक्टरी. नवा प्रिंटर, त्याचीही फॅक्टरी. हे सगळं झाल्यावर प्रोग्राम चालवाल, तर ७ वर 'बँग' येईल आणि सोबत '७' हा आकडाही. का? कारण आकडा कधी छापायचा हे ठरवायला तिथे 'नो फिझ नो बझ स्ट्रॅटेजी' आहे. ३ ने भाग जात नाही आणि ५ नेही जात नाही, अशी अट तिच्यात पक्की बसवलेली आहे. म्हणजे तिलाही उघडून दुरुस्त करावं लागणार.

या प्रकल्पाकडे नुसती टवाळी म्हणून बघितलं, तर नेमकी हीच गोष्ट सुटते. लवचिकता यावी म्हणून इतके थर चढवले, पण पहिलाच खरा बदल आला तेव्हा एकही थर कामी आला नाही. काय बदलणार हे माहीत नसताना घातलेला सांधा बहुधा चुकीच्या जागी पडतो. आणि चुकीच्या जागचा सांधा वाकत तर नाहीच, वर वाटेत येतो.

याची किंमत कोण मोजतं? नव्याने रुजू झालेली मुलगी. पहिल्या आठवड्यात तिला एक छोटी दुरुस्ती दिलेली असते. ती एका फाइलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत उड्या मारत जाते, आणि प्रत्येक ठिकाणी फक्त 'पुढच्या खिडकीवर जा' एवढंच लिहिलेलं सापडतं. सरकारी कचेरीत दाखला काढायला गेल्यासारखं. संध्याकाळपर्यंत तिला वाटायला लागतं की आपल्यालाच काही येत नाही. डोंगर पोखरायला लावून हाती उंदीर द्यायचा, आणि दोष पोखरणाऱ्याला! पुढे सवयीने तीही असंच लिहायला लागते, कारण इथे गंभीर काम असंच दिसतं हे ती शिकलेली असते. म्हणून ही थट्टा जपण्यासारखी आहे. तिच्याकडे बोट दाखवून बैठकीत कोणालाही न दुखावता विचारता येतं: आपल्याकडे हा सातवा आकडा खरंच येणार आहे का?

जाता जाता एक गृहपाठ. सध्या हाताशी असलेल्या कामातला एखादा थर निवडा. तो कोणत्या बदलासाठी घातला आहे, हे एका वाक्यात लिहा. तो बदल आजवर कधी आला का, आणि आला तेव्हा किती फाइली उघडाव्या लागल्या, तेही मोजा. वाक्य लिहिता आलं आणि आकडा लहान निघाला, तर तो थर खुशाल ठेवा. वाक्यच सुचलं नाही, तर तो काढून काय होतं ते एकदा बघा.

प्रश्न असतील तर आता घेऊ.